लहानुजींचं पदक

दादाराव रामटेके यांनी आयुष्यात कागदाशिवाय काही खरं मानलं नाही. केंद्र सरकारच्या एका खात्यात ते सेक्शन ऑफिसर होते. फाइलीवर तारीख नसेल तर ती परत जायची, तारीख असून सही नसेल तरी परत जायची, आणि दोन्ही असतील तर ‘पूर्वीचा संदर्भ जोडावा’ असा शेरा घेऊन परत जायची. ऑफिसातले लोक त्यांना पाठीमागे काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण अशा या माणसाने एक गोष्ट मात्र चाळीस वर्षं कुठलाही पुरावा न मागता खरी धरली होती. ती म्हणजे त्यांच्या वडिलांचं पदक.

पदक पितळेचं, जुन्या रुपयापेक्षा थोडं मोठं, वर अडकवायला कडी. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते बुद्धाच्या मूर्तीशेजारी निळ्या मखमलीवर ठेवलेलं असे. एका बाजूला आठ आऱ्यांचं चाक, चाकाच्या कडेने बारीक किरण, दोन अंगांना दोन पानं आणि खाली एक गोल भांडं. दुसऱ्या बाजूला दोन खांबांचं तोरण आणि तोरणातून दिसणारा उंच स्तंभ. कडेची अक्षरं झिजून गेलेली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दादाराव ते समजावून सांगत. हे धम्मचक्र. ही बोधिवृक्षाची पानं. हे भिक्षापात्र. मागे सांचीचं तोरण, आणि त्यातून दिसतो तो अशोकस्तंभ. त्यांचे वडील लहानुजी छप्पन्न साली नागपूरला दीक्षेच्या सोहळ्यात स्वयंसेवक होते, तिथे त्यांना हे मिळालं. सांगून झालं की दादाराव पदक पालथं घालत, पुन्हा सुलटं करत, आणि तोवर पाहुण्याचा चहा थंड होऊन जाई.

शहाण्णव साली विदर्भातल्या साठ कर्मचाऱ्यांनी मिळून फरीदाबादच्या एका नव्या सेक्टरमध्ये सारनाथ सोसायटी उभी केली आणि रामटेके मंडळी क्वार्टर सोडून तिथे राहायला आली. रस्ता अजून झाला नव्हता, समोरच्या रिकाम्या प्लॉटवर म्हशी बसायच्या, दिवसातून तीनदा वीज जायची. पण केबलवर चाळीस चॅनल होते, खाली सहा मारुती उभ्या होत्या, आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी होती. दादाराव सकाळी चार्टर्ड बस पकडायला निघताना रोज एकदा त्या पाटीवरून बोट फिरवत. बायको शीला हे दाराआडून बघायची आणि हसायची.

चौदा ऑक्टोबरला दीक्षेला चाळीस वर्षं होणार होती. सोसायटीचे सेक्रेटरी भाऊसाहेब, म्हणजे सदा घाईत असलेला आणि सदा घामेजलेला माणूस, यांनी ठरवलं की त्याच दिवशी सोसायटीच्या हॉलचं उद्घाटन करायचं आणि हॉलमध्ये एक छोटं प्रदर्शन मांडायचं.

“दादाराव, तुमच्या बाबांचं मेडल बिल्कुल मधोमध ठेवू,” ते म्हणाले. “काचेच्या पेटीत. निमंत्रणाच्या कार्डावर पण तेच छापतो. आपल्या साठ घरांत असली चीज दुसऱ्या कोणाकडे आहे का?”

दादारावांना त्या रात्रीच्या जेवणात चवच कळली नाही, इतका आनंद झाला होता. मधोमध! हे बघायला लहानुजी हवे होते.

पेटीत पदकाखाली माहितीचं कार्ड हवं, असं त्यांच्याच मनात आलं. आणि ते लिहायला घरातच तज्ज्ञ होती. मुलगी श्रावस्ती दिल्लीच्या एका संस्थेत संग्रहालयशास्त्र शिकत होती. जुन्या वस्तू हातात घेऊन त्या कधीच्या, कोणाच्या, कशासाठी केलेल्या हे ओळखायचं, हा तिचा अभ्यास. दादारावांनी पदक रुमालात बांधून तिला दिलं आणि वर बजावलं, “नीट, पूर्ण लिही. संदर्भासकट.”

मुलगी कोणाची होती? तिने संदर्भ शोधला.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी ती आली तेव्हा दादाराव नव्या सोफ्यावर बसून भाषण लिहीत होते. ‘माझे पूज्य पिताजी’ इथपर्यंत मजल गेली होती. श्रावस्तीने टीव्ही बंद केला, त्यांच्या शेजारी बसली आणि पर्समधून रुमाल काढला. दुसऱ्या हातात भिंग होतं.

“पप्पा, हे किरण तुम्ही कधी मोजलेत?”

“किरण काय मोजायचे असतात?”

“चोवीस आहेत. सगळे एकसारखे, चौकोनी. किरण टोकाला बारीक होतो ना? हे नाही होत. हे दात आहेत. मशीनचं चाक आहे हे.”

“कोण म्हणतं?”

“थांबा ना, पूर्ण ऐका. हे पान बघा. पिंपळाचं पान अखंड असतं, खाली लांब टोक. याला तीन फाटे आहेत.” तिने भिंग त्यांच्या हातात दिलं. “संस्थेतल्या वृंदा मॅडमनी सांगितलं मला. मी तर हे झाड कधी पाहिलंच नाही.”

दादारावांनी पाहिलं होतं. त्यांचं आजोळ यवतमाळकडचं. लहानपणी दरवर्षी सुट्टीत त्यांनी कापूस वेचला होता, बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडून घेतली होती. कापसाच्या मुलखातला हा माणूस चाळीस वर्षं कापसाचं पान पिंपळाचं म्हणून लोकांना दाखवत आला होता. खालचं भिक्षापात्र म्हणजे उमललेलं बोंड आहे, हे श्रावस्तीने सांगायच्या आधीच त्यांना दिसलं. दिसलं आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“मागची बाजू बघ,” ते म्हणाले. “मागे तोरण आहे.”

“तोरणावर हे गोल काय आहे?”

“सूर्य.”

“त्याला दोन काटे आहेत, पप्पा. घड्याळ आहे ते. फाटकावरचं घड्याळ. आणि स्तंभावरचे सिंह कुठे गेले?”

“झिजले असतील.”

“झिजले नाहीत. तिथून धूर निघतोय.”

धुराची ती नागमोडी रेघ त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. ते तिला पताका म्हणत.

“आणि अक्षरं पण झिजली नाहीत,” श्रावस्ती हळूच म्हणाली. आता तिलाही कळत होतं की आपण बापाच्या अंगावरून काहीतरी ओढून काढतो आहोत. “हाताने झिजलं तर सगळीकडे सारखं झिजतं. चाक बघा, किती शार्प आहे. फक्त कड गेलीय, आणि तिथे सरळ सरळ रेघा आहेत. कोणीतरी मुद्दाम घासलंय. ते लोखंड घासायचं असतं ना, काय म्हणतात मराठीत… हिंदीत रेती म्हणतात…”

“कानस,” दादाराव म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांची नजर बाल्कनीकडे वळली. कानस घरातच होती. लहानुजी नागपूरच्या एका गिरणीत फिटर होते. त्यांची लाकडी मुठीची कानस बाल्कनीतल्या हत्यारांच्या डब्यात होती. मागच्याच आठवड्यात दादारावांनी तिने नव्या दाराची कडी घासून सरळ केली होती, आणि ‘बाची कानस अजून कामाला येते’ म्हणून घरभर कौतुक सांगितलं होतं.

श्रावस्तीने पर्समधून एक फोटो काढून समोर ठेवला. तेच पदक, पण नवं कोरं, कडेची अक्षरं शाबूत. नागपूरची ती गिरणी बंद पडली होती, आतलं सामानसुमान भंगारात निघालं, त्यात ऑफिसच्या कपाटातून मखमलीच्या डबीत न वाटलेली अकरा पदकं सापडली. फिरत फिरत ती दिल्लीच्या एका नाणीवाल्याकडे आली आणि त्याच्याकडून दोन वृंदा मॅडमच्या विभागाने अभ्यासाला घेतली. पुढच्या बाजूला कडेने लिहिलं होतं, ‘निष्ठावंत कामगारास’. मागच्या बाजूला, ‘४ मे ते १५ जून १९५६’.

“पप्पा, चार मे ते पंधरा जून काय होतं?”

काय होतं ते गिरणीच्या चाळीत वाढलेल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. संप होता. त्रेचाळीस दिवसांचा. दादाराव तेव्हा आठ वर्षांचे होते. चाळीतली पोरं दुपारची कण्या उकळून पीत होती ते त्यांना आठवत होतं. आणि आता, या सोफ्यावर बसल्या बसल्या, दुसरंही आठवलं. त्यांच्या घरी चूल रोज पेटत होती. आई दार लावून भाकऱ्या थापायची आणि म्हणायची, बाहेर जाऊन खाऊ नको. दार का लावते, हे आठ वर्षांच्या पोराने विचारलं नाही. पण पुढच्या चाळीस वर्षांत तरी विचारायला हवं होतं ना! दुसऱ्यांच्या फाइलींवर शेरे मारायला बरं जमत होतं.

शीला चहा घेऊन आली. तिने फोटो पाहिला, पदक पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला. ट्रे टीपॉयवर ठेवला आणि खाली सतरंजीवर बसली.

“कळलं म्हणायचं शेवटी,” ती म्हणाली.

दादारावांनी मान वर केली. “तुला ठाऊक होतं?”

“मामाजींनी सांगितलं होतं. शेवटच्या आजारपणात.”

सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. लहानुजींची शेवटची चार वर्षं आर. के. पुरमला या सुनेच्या हाताखाली गेली होती.

“अहो, मामाजी उन्हाळ्यात दुपारचे खोलीतून बाहेर का यायचे नाहीत, आठवतं का तुम्हाला?”

आठवतं म्हणजे काय, दादाराव ती गोष्ट सगळ्यांना कौतुकाने सांगत. क्वार्टर एवढंसं. उन्हाळ्यात कूलरसमोर मुलं जमिनीवर आडवीतिडवी झोपायची. लहानुजींना पाणी प्यायला जायचं असलं तरी ते नातवंडांना ओलांडून जात नसत. पोरं उठेपर्यंत खाटेवर बसून राहत, घसा कोरडा पडला तरी. झोपलेल्या माणसाला ओलांडू नये, चुकून ओलांडलंच तर उलटं ओलांडून परत यावं, हे कोणत्याही घरात मुलांना सांगतात. पण लहानुजींचं पाळणं काही निराळंच होतं. रामटेक्यांच्या घरात माणसाला ओलांडणं हा गुन्हा होता. बाचा स्वभावच तसा, दादाराव म्हणत, मुंगीलासुद्धा जपणारा.

“संपवाले फाटकात आडवे पडायचे,” शीला सांगू लागली. “रांगेने. आत जायचं असेल तर आमच्यावरून जा, म्हणून. त्यात तुमचे मुरलीधरकाका होते. मामाजी पहिल्या दिवशी आले तर मुकादम आतून ओरडला, तुझा भाऊ पडलाय ना, तिथूनच ये. मामाजी काकाजींच्या अंगावरून पाय टाकून आत गेले. दुसऱ्या दिवशी काकाजी मुद्दाम त्याच जागी येऊन पडले. तिसऱ्या दिवशी पण. मामाजी म्हणाले, शीला, तो डोळे उघडे ठेवून पडायचा.”

“का गेला पण? का?”

“विचारलं मी. म्हणाले, भीती वाटली. बस, एवढंच म्हणाले.”

श्रावस्तीने आईचा हात धरला. दादाराव उठून खिडकीशी गेले, तिथून परत आले. त्यांचा आवाज चढला.

“आणि तू? सात वर्षं झाली बा जाऊन. सात वर्षं मी रोज सकाळी त्याच्यापुढे हात जोडतोय. पाहुण्यांना सांगतोय. आणि तू बाजूला उभी राहून बघतेस? मजा वाटत होती का?”

“ते म्हणायचे, मीच सांगतो. रोज म्हणायचे, उद्या सांगतो. मग गेले.” शीलाचा आवाज चढला नाही. “त्यानंतर मी सांगितलं असतं तर तुम्ही मलाच खोटं पाडलं असतं. तुम्हाला कागद लागतो.”

दादाराव आणखी चिडले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि पुढचे पाच दिवस बायकोशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी श्रावस्तीला सांगायचे, आईला म्हणावं मीठ दे. आई दोन हातांवर बसलेली असायची.

राग बायकोवर काढता येत होता, कारण ती समोर होती. खरा घाव बापाचा होता, आणि तो जाऊन बसला होता फोटोत. चार्टर्ड बसच्या खिडकीशी बसून बदरपूरच्या गर्दीत दादाराव एकेक गोष्ट उलटी करून बघत. संपानंतरच्या पावसाळ्यात चाळ सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो, ते म्हणे माझ्या शाळेसाठी. बाने गिरणी सोडून रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली, ती म्हणे तब्येतीसाठी. जे जे वडिलांनी आपल्यासाठी केलं म्हणून ते आयुष्यभर ऋणी होते, ते सगळं तोंड लपवण्यासाठी होतं. एवढी फसवणूक तर ऑफिसात ठेकेदारही करत नाहीत.

आणि मुरलीधरकाका. संपानंतर काकांना कुठल्याच गिरणीने घेतलं नाही. ते चांद्याकडे कोळशाच्या खाणीत गेले. घरात त्यांचा विषय निघाला की एवढंच सांगितलं जाई की तो समाजापासून तुटला, दीक्षेलासुद्धा आला नाही. त्रेसष्ट साली ते एकदा घरी आले होते. काळवंडलेले, खोकत. दादाराव पंधरा वर्षांचे, मॅट्रिकच्या वर्गातले, धम्माच्या अभिमानाने छाती फुगलेली. त्यांनी काकांना दारातच विचारलं, “तुम्ही दीक्षेला का नाही आलात? माझ्या बाला तर पदक मिळालंय.” आणि आतून आणून दाखवलंही.

काकांनी पदक हातात घेतलं. अंगठा कडेवरून फिरवला. मग लहानुजींकडे पाहिलं. लहानुजी जमिनीकडे बघत होते. “जपून ठेव बाबू,” काका म्हणाले, पदक परत दिलं, आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेले. दोन वर्षांनी खाणीकडून त्यांच्या मरणाची बातमी आली. एका वाक्यात बा सगळं सांगू शकला असता. पोरा, ते माझं नाही, त्याला विचारू नको, असं तरी म्हणाला असता. त्याने आपल्या पोराला भावाच्या तोंडावर थुंकू दिलं. दादारावांना हे माफ करता येत नव्हतं.

अकरा तारखेला संध्याकाळी ते श्रावस्तीच्या टेबलाशी गेले.

“कार्ड लिहिलंस?”

“काय लिहू, पप्पा? तुम्ही म्हणाल तर पदक ठेवायलाच नको. भाऊसाहेब अंकलना सांगू, सापडत नाहीये.”

“नाही. ठेवायचं. खरं ते लिहायचं. आणि मुरलीधरकाकांचं नाव लिही. आपल्या घराने त्या माणसाचं नाव कधी कुठे लिहिलं नाही.”

श्रावस्तीने उठून त्यांना मिठी मारली. मोठी झाल्यापासून तिने असं केलं नव्हतं. रात्री जेवायच्या आधी तिने तिच्या सुंदर अक्षरात कार्ड पूर्ण केलं: ‘गिरणीचं स्मृतिपदक, १९५६. दातेरी चाक, कापसाची पानं आणि बोंड. मागे गिरणीचं फाटक व धुराडं. संपाच्या त्रेचाळीस दिवसांत कामावर गेलेल्यांना दिलेलं. लहानुजी रामटेके यांनी ते घेतलं आणि नंतर अक्षरं कानशीने काढली. त्यांचे धाकटे भाऊ मुरलीधर त्या त्रेचाळीस दिवसांत फाटकात आडवे पडले होते.’

दादारावांनी कार्ड दोनदा वाचलं. एकाही शब्दाला हात लावला नाही. मग खाली सही केली आणि तारीख घातली.

“शब्द आहे माझा,” ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मीठ स्वतः उठून घेतलं आणि शीलाला म्हणाले, “तूही बस जेवायला.”

चौदा तारखेला सारनाथ सोसायटीचा हॉल पांढऱ्या कपड्यांनी भरून गेला. निळ्या पताका, फुलं, जनरेटरची घरघर. प्रत्येकाच्या हातात निमंत्रणाचं कार्ड, आणि प्रत्येक कार्डावर लहानुजींचं चाक. मधोमध काचेची पेटी, पेटीत निळी मखमल, मखमलीवर पदक. माहितीचं कार्ड दादारावांच्या खिशात होतं. सकाळी लवकर येऊन ठेवायचं होतं, पण पेटीची किल्ली भाऊसाहेबांकडे होती. किल्ली मिळाली तेव्हा लोक यायला लागले होते. मग ठरवलं, वंदना झाली की ठेवू. वंदना झाली तर पाहुणे आले. पाहुण्यांचं झाल्यावर ठेवू, दादाराव मनाशी म्हणाले. दुसऱ्या रांगेत बसलेली श्रावस्ती त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिला हातानेच खूण केली, थांब, ठेवतो.

तेवढ्यात एक म्हातारी पेटीशी आली. शेवंताबाई तिचं नाव, वरच्या मजल्यावरच्या कुणाची तरी आई, नागपूरहून खास आजच्यासाठी आलेली. तिने काचेला दोन्ही हात लावले आणि रडू लागली.

“माझा मालक होता त्या मैदानात,” ती म्हणाली. “रात्रभर पाणी वाटलं त्याने लोकांना. त्याच्याजवळ काही नव्हतं दाखवायला. तुझ्या बापाने बरं जपून ठेवलं. हे धम्माचं चाक ना रे बाबू?”

दादारावांना एकदम सगळं लख्ख आठवलं. छप्पन्नचा ऑक्टोबर. सोहळ्याहून परत आलेलं आठ वर्षांचं पोर. ट्रंकेत तळाशी हाताला लागलेलं पदक. ते घेऊन पोर अंगणात नाचत गेलं होतं, “बा, धम्मचक्र! तुला धम्मचक्र मिळालं!” शेजारपाजारचे गोळा झाले होते, पोराने पदक सगळ्यांना दाखवलं होतं, कडेची बारीक अक्षरं वाचायची उसंत मात्र कुणालाच दिली नव्हती. नाव पोरानेच ठेवलं होतं. बा काहीच बोलला नव्हता. नुसता उभा होता. आणि मग संध्याकाळभर मागच्या अंगणातून खर्र खर्र आवाज येत होता.

म्हातारी वर बघत होती. मागे भाऊसाहेब हसऱ्या चेहऱ्याने उभे होते, त्यांच्यामागे साठ घरं. दादारावांचा हात खिशात होता, कार्डाचं टोक बोटांना टोचत होतं.

ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. नुसते उभे राहिले. शेवंताबाईंनी काचेवर डोकं टेकवलं.

पुढचं सगळं आपोआप झालं. भाऊसाहेबांनी माइकवरून पदकाची माहिती सांगितली, टाळ्या पडल्या, दादारावांना भाषणाला बोलावलं. खिशात दोन कागद होते. त्यांनी भाषणाचा काढला. ‘माझे पूज्य पिताजी,’ एवढं वाचलं आणि वर पाहिलं. दुसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. शीला तिच्या जागेवर बसली होती. ती नवऱ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तीत राग नव्हता. तिला याची सवय असावी, असं ते बघणं होतं, आणि ते रागापेक्षा वाईट लागलं. दादारावांनी भाषण शेवटपर्यंत वाचलं. चांगलं झालं म्हणे.

दुपारी तीनला ते पदक घेऊन घरी आले. शीला खाली बायकांमध्ये थांबली होती. वीज गेलेली. बैठकीतून आतल्या खोलीकडे जाणाऱ्या अरुंद बोळात, थंड फरशीवर, श्रावस्ती आडवी पडली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मूर्ती आतल्या खोलीत होती, पदक तिथेच न्यायचं होतं.

“श्रावस्ती, सरक बेटा.”

ती हलली नाही. जागी होती. डोळे उघडे होते, छताकडे लागलेले.

“मी सांगणार आहे सगळ्यांना,” दादाराव म्हणाले. “म्हातारी रडत होती गं. आज कसं सांगणार होतो? उद्या भाऊसाहेबांना भेटून…”

‘उद्या’ हा शब्द त्यांच्याच कानांवर पडला आणि ते थांबले.

“जा ना, पप्पा,” श्रावस्ती शांतपणे म्हणाली. “टाका पाय.”

दादारावांनी एक पाय उचलला. तो तसाच पुन्हा खाली ठेवला, आणि पदक मुठीत धरून ते भिंतीशी उभे राहिले.